चुना, तीळ आणि कोवळं ऊन : हाडांच्या त्या मेसेजला उत्तर

"रोज गव्हाच्या दाण्याएवढा चुना ताकातून घ्या, चमचाभर तीळ चावून खा, सकाळी कोवळ्या उन्हात बसा. दूध सोडा, ते आम्ल वाढवून हाडं झिजवतं. तीन महिन्यांत हाडं पंचविशीतली होतील, गोळ्या-इंजेक्शनं बंद करा." इंदूरमध्ये रामबागेपासून सुदामा नगरपर्यंत आपल्या मराठी घरांत हा मेसेज फिरतोय. आमच्या मंडळातल्या एका काकूंनी तो वाचून औषध थांबवलं, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी चुना. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, असं आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2020च्या शिफारशी सांगतात. दाण्याएवढ्या ओल्या चुन्यातून मिळतं फार तर वीस-पंचवीस मिलिग्रॅम. नाचणीच्या भाकरीच्या दोन-तीन घासांत तेवढं येतं. त्यासाठी इतका दाहक पदार्थ रोज पोटात कशाला? हात सुटून जास्त पडला तर तोंड आणि अन्ननलिका भाजते. घरात नातवंडं असतील तर चुन्याची पुडी हाताशी ठेवूच नका, डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते.

तीळ उत्तम, पण चमचाभर तिळांत शंभर-सव्वाशे मिलिग्रॅमच कॅल्शियम असतं, आणि त्यातल्या ऑक्झलेटमुळे (कॅल्शियमला बांधून ठेवणाऱ्या घटकामुळे) तेही पुरतं अंगी लागत नाही. चटणीत, भाजीच्या कुटात रोज घाला, मात्र सगळी भिस्त त्यांच्यावर नको.

दुधाचा आरोप खोटा आहे. रक्तातलं आम्लाचं प्रमाण फुप्फुसं आणि मूत्रपिंडं सांभाळतात, ते पेलाभर दुधानं बिघडत नाही. त्या पेल्यात मात्र सुमारे 240 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. दूध पचत नसेल तर दही, ताक घ्या.

उन्हाचा मुद्दा अर्धा खरा. ड जीवनसत्त्व बनवणारे किरण कोवळ्या उन्हात फारच कमी असतात. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते, तेव्हाचं ऊन कामाचं. इंदूर कर्कवृत्ताच्या जरा दक्षिणेला असल्यानं असं ऊन आपल्याला बहुतेक वर्षभर मिळतं, थंडीत अगदी भर दुपारी. बंद काचेच्या खिडकीआड बसून उपयोग नाही, आणि वैशाखात जिवाला जपूनच. उतारवयात त्वचा ड जीवनसत्त्व कमी बनवते, तेव्हा एकदा रक्त तपासून घ्या.

मला खरा राग येतो तो मेसेजमध्ये व्यायामाचं नावही नसल्याचा. हाडावर भार पडला की हाड घट्ट होतं, हे जर्मन शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी 1892मध्येच मांडलं होतं. ऑस्ट्रेलियात हाडं विरळ झालेल्या, पाळी गेलेल्या स्त्रियांना तज्ज्ञांच्या देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास जड वजनं उचलायला लावली. आठ महिन्यांत त्यांच्या कण्याची घनता सुमारे तीन टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची उलट घटली. तीन टक्के म्हणजे पंचविशी नव्हे, पण ही कमाई खरी आहे. नेहरू पार्कातल्या फेऱ्या हृदयाला चांगल्या, हाडांना तेवढ्यानं पुरत नाही. फिजिओथेरपिस्टकडून शिकून खुर्चीतून हात न टेकता उठणं, जिना चढणं, हळूहळू वजन उचलणं सुरू करा. मणका आधीच दबलेला असेल तर वाकून वजन उचलू नका. जोडीला डाळ, उसळ, पनीर ताटात हवंच. स्नायू टिकले तर तोल टिकतो, आणि खुब्याचं हाड बहुतेकदा पडल्यामुळेच मोडतं. रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा ठेवा.

आता औषधं. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडांशी तुलना करून दिलेला आकडा) उणे 2.5 किंवा त्याखाली असेल, किंवा साध्या पडण्यानं हाड मोडलं असेल, तर नुसत्या आहारावर राहणं धोक्याचं. आणि दर सहा महिन्यांनी डेनोसुमॅब या हाडांची झीज रोखणाऱ्या औषधाचं इंजेक्शन घेणाऱ्यांनी ते आपल्या मनानं मुळीच सोडू नये. ते थांबलं की घनता झपाट्यानं घसरते आणि एकाच वेळी अनेक मणके मोडू शकतात. काकू, मावशी, तुमची तारीख उलटून गेली असेल तर आजच डॉक्टरांना फोन करा.