आत्याच्या पावलांनी मोजलेलं स्टेशन

गेल्या आठवड्यात पुण्याहून बडोद्याला आत्या आली. वय ७६, दोन्ही गुडघे दुखरे, एक बॅग आणि एक जड पिशवी. तिला थेट चांदोदला जायचं होतं, नर्मदेच्या घाटावर. स्टेशनवर घ्यायला मीच गेले. डभोई-चांदोदकडची मेमू (विजेवरची लोकल गाडी) प्रतापनगरहून सुटते, म्हणजे गाव ओलांडून दुसऱ्या स्टेशनवर जायचं. त्यापेक्षा शेजारच्या डेपोतून एसटी बरी, असं ठरलं.

डब्याच्या दारापासून एसटीच्या पायरीपर्यंत आम्हाला २३ मिनिटं लागली. मी एकटी तेच अंतर सात मिनिटांत चालते. मधे आत्या तीनदा थांबली. एकदा पुलाच्या पायऱ्यांवर, एकदा रिक्षांच्या गर्दीत, आणि एकदा नुसतीच, "अगं, अजून किती?" असं विचारायला.

त्या २३ मिनिटांनी मला खूप शिकवलं.

खरं तर आपल्या बडोद्याचं नशीब मोठं. रेल्वे स्टेशन आणि एसटी डेपो असे शेजारी शेजारी किती शहरांत असतात? त्यात आता बुलेट ट्रेनचं स्टेशनही इथेच, सात नंबरच्या प्लॅटफॉर्मच्या वर उभं राहतंय. ५०८ किलोमीटरच्या मार्गावरच्या १२ स्टेशनांपैकी हे एक. पण दोन इमारती जवळ असल्या म्हणजे माणसाला गाडी बदलणं सोपं होतंच असं नाही. कुठल्याही गावात बघा, स्टेशनचं आवार एकाचं, डेपो दुसऱ्याचा, रस्ता तिसऱ्याचा. आपापल्या फाटकाच्या आत सगळे चोख असतात. मधल्या शंभर-दोनशे पावलांना मात्र मालक नसतो, आणि म्हातारी माणसं तिथेच दमतात.

वाहतुकीचं नियोजन करणारे चालण्याचं किंवा वाट पाहण्याचं एक मिनिट गाडीत बसलेल्या मिनिटाच्या साधारण दुप्पट जड धरतात. शिवाय गाडी बदलावी लागते याचा भार वेगळा. आत्याच्या शेजारी चालताना हे गणित मला पटलं. पुण्याहून येतानाच्या प्रवासाबद्दल तिची काही तक्रार नव्हती, ती दमली ती इथे.

बडोद्याच्याच छायापुरी या दुसऱ्या स्टेशनचं घ्या. इंजिन उलटं लावायला लागू नये म्हणून रतलाम-अहमदाबाद मार्गावरच्या काही गाड्या आता मुख्य स्टेशनात न येता तिथे थांबतात. गाडीचा वेळ वाचतो, हे खरंच. पण रात्री तिथे उतरून जुन्या शहरातल्या मांडवीपर्यंत रिक्षा शोधणाऱ्याची मिनिटं कुठल्या वहीत लिहायची?

आणि हे आपल्याला नवं नाही. बडोद्याच्या खंडेराव महाराज गायकवाडांच्या काळात, १८६२ मध्ये, डभोई ते मियागाम छोटी रेल्वे झाली. सुरुवातीला ती बैल ओढायचे. डभोईकडचा कापूस मियागामला मोठ्या रेल्वेला मिळायचा, पण दोन्ही रूळ वेगळ्या मापाचे, म्हणजे माल एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवणं आलंच. कापसाचा गठ्ठा उचलायला तरी हमाल असायचे.

म्हणून वाटतं, नव्या स्टेशनचं मोजमाप करताना दुकानं किती भाड्याने गेली हे नंतर बघा. आधी कोणा ७६ वर्षांच्या बाईला बॅगेसकट पहाटे पाचला आणि रात्री अकराला, भर पावसात, गाडीतून उतरवा आणि बसच्या पायरीपर्यंत घड्याळ लावा. पावसाचं मुद्दाम म्हणते. अलकापुरीचं गरनाळं, म्हणजे रुळांखालचा रस्ता, पाण्याने भरलं की स्टेशनच्या अल्याडचं आणि पल्याडचं अशी दोन गावं होतात, हे आपण सगळ्यांनी भोगलंय. उताराचा रॅम्प एकास बारापेक्षा (एक फूट उंचीला बारा फूट लांबी) उभा आहे का? शेवटची सिटी बस शेवटच्या गाडीसाठी थांबते का? बसची पाटी प्लॅटफॉर्मवरून दिसते, की बाहेर पडून कोणाला तरी विचारायला लागतं? इमारत पुरी झाल्यावर या गोष्टी सुधारणं फार महाग पडतं, तेव्हा विचारायची वेळ आत्ताच आहे.

रविवारी आत्या परत जाणार आहे. चांदोदची एसटी ते पुण्याची गाडी, परतीची मिनिटंही मी मोजणार आहे. तुम्हीही आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांबरोबर एकदा चालून बघा आणि आकडे इथे खाली लिहा. ते सगळे एकत्र करून मी पालिकेला अर्ज देणार आहे.