फ्यूज बांधावा तर असा

विहिरीवर ५ एचपीची नवी मोटर बसवलीत? अभिनंदन. आता स्टार्टरबरोबर आलेला माहितीचा कागद चौघडी करून पेटीच्या डगमगत्या पायाखाली सारा. त्याचा एवढाच उपयोग आहे.

अर्थिंगपासून सुरुवात करू, तिथे कष्ट वाचवायला सगळ्यात जास्त वाव आहे. शहाणे लोक सांगतात, अडीच मीटरचा पाइप उभा गाडा, भोवती मीठ-कोळसा भरा, उन्हाळ्यात त्यावर पाणी ओता. एवढं खणायचं तर माणूस विहीरच खोल करील. तुम्ही बांधावर हातभर सळई ठोका. (आमच्या चुलत्यांनी ठोकली होती. पुढे तिला बैल बांधायला लागले आणि एका पोळ्याला बैलानेच ती उपटली. मोटर चालूच होती, म्हणून कुणाला फरक जाणवला नाही.) उद्या मोटरीच्या बॉडीत करंट उतरलाच, तर जमिनीत जायला त्याला वाट लागेल. ओल्या पायांनी दारं धरणारे तुम्ही जवळपास असताच.

फ्यूजचं मात्र मनावर घ्या. ही मोटर चालताना ७-८ अँपिअर ओढते आणि फ्यूजची बारीक तार जरा जास्त झालं की वितळते. असली नाजूक वस्तू शेतात टिकायची नाही. किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूज बसतो त्या खोबणीत, लाइनच्या ॲल्युमिनियम तारेचा एक पदर पिळून घाला. मोटर जळेल, वायर जळेल, फ्यूज जाणार नाही. स्टार्टरमधला रिले, म्हणजे जास्त भार आला की मोटर बंद करणारा पहारेकरी, सारखा ट्रिप होत असेल, तर तो खालच्या आळीतल्या झिरो (म्हणजे बिनपरवान्याच्या) वायरमनकडून ‘डायरेक्ट’ करून, म्हणजे मधून वगळून घ्या. तो चहावर करतो. एक फेज गेला तरी थांबू नका, कपॅसिटर लावून उरलेल्या दोघांवर रेटा. मोटर घूंऽऽ करते, ती कुरकुर समजा. वाइंडिंगवाल्याचंही पोट आहे.

अर्थ लीकेज ब्रेकर नावाचा एक संशयी प्राणी दुकानात मिळतो. ३० मिलिअँपिअर गळती झाली की हा बंद पडतो. माणसाच्या छातीतून १०० गेले तर हृदय ठोके सोडून नुसतं थरथरू लागतं, म्हणून म्हणे ही खबरदारी. पण तुमची मोटर ७ अँपिअर, म्हणजे ७,००० मिलिअँपिअर खाते. एवढ्या मोठ्या खात्यात ३० चा हिशेब कोण ठेवतो?

ऑटो, म्हणजे लाईट आली की मोटर आपोआप सुरू करणारा स्विच, कायम चालू ठेवा. लाईट आठ तास, तीही कुठल्या आठवड्यात रात्रीची. फुटबॉलमधला (पाइपच्या तळाच्या झडपेतला) कचरा काढायला विहिरीत उतरताना ऑटो बंद करायचा म्हणजे पुन्हा चालू करायची आठवण ठेवणं आलं. लाईट यायचा नेम नाहीच, मग उगाच घाई कशाला?

रात्री दीड वाजता डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरवरचा) डिओ, म्हणजे वरच्या लाइनचा फ्यूज, उडाला, तर सबस्टेशनला फोन, लाइन बंद करून घेतल्याचं परमिट, हातमोजे असले सोपस्कार करू नका. एबी स्विचचा, म्हणजे खांबावरून लाइन तोडणाऱ्या स्विचचा, दांडा ओढा आणि चढा. तिन्ही पाती सुटली की एक चिकटून राहिलं, हे अंधारात दिसत नाही. स्विचच्या लाइनकडच्या बाजूला तर ११ हजार व्होल्ट तसेच उभे असतात. खालून बॅटरी मारायला धाकट्या भावाला उभं करा. तुम्ही चिकटलात तर तो कोरडी काठी शोधत बसणार नाही. भाऊच तो, सरळ पायाला धरून ओढेल.

मग सकाळी गाव जमतं. पुढे विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयाचा माणूस येतो, पेटी उघडून किटकॅट उपसतो, तारेचा तो पिळलेला पदर दोन बोटांत धरून बघतो. पेटी सरकवली की पायाखालचा कागद निघतो. एक कोपरा काय तो ओलसर, बाकी अगदी नवाकोरा.