माइल्स साठवताय की कुजवताय?

"फ्रिक्वेंट फ्लायरचं खातं फुकट असतं, काढून ठेवा" हा सल्ला देणं आता बंद करा. या खात्यात उडाल तसे माइल्स, म्हणजेच पॉइंट्स, जमा होतात आणि त्यांवर पुढे तिकीट काढता येतं. पण एकेका घरात सहा एअरलाइन्सची सहा खाती आहेत. एकात 900 पॉइंट्स, दुसऱ्यात 2,300, तिसऱ्याचा पासवर्ड कुणालाच आठवत नाही, आणि सगळी मिळून पुणे–दिल्लीचं एकेरी तिकीट काही निघत नाही. हे पैसे तुमचे होते. ते तुम्ही कंपन्यांना बिनव्याजी वापरायला दिलेत, आणि मुदत संपली की ते बुडणार आहेत.

डोकं फिरतं ते याचं, की हे सगळं मुद्दाम गुंतागुंतीचं करून ठेवलंय. पूर्वी जितकं अंतर उडाल तितके माइल्स, असा सरळ हिशोब होता. आता बऱ्याच कंपन्या खर्चावर पॉइंट्स देतात. एअर इंडियानंही 2024 मध्ये तेच केलं. आणि खर्च म्हणजे तुम्ही भरलेली सगळी रक्कम नव्हे. मूळ भाडं आणि कंपनीचा अधिभार तेवढा धरतात. जीएसटी आणि विमानतळाची शुल्कं यांवर शून्य.

हिशोब करूनच बघा. समजा तिकीट 6,500 रुपयांचं आहे, त्यात मूळ भाडं 4,800. शंभर रुपयांना 6 पॉइंट्स मिळत असतील तर हाती येतात 288. आता तेच तिकीट पॉइंट्सवर काढायला 8,000 पॉइंट्स आणि वर 1,700 रुपये कर लागत असेल, तर 6,500 मधून 1,700 वजा करा आणि 8,000 नं भागा. एका पॉइंटची किंमत 60 पैसे. म्हणजे 288 पॉइंट्स साधारण 173 रुपयांचे. आणि या 173 रुपयांसाठी लोक 900 रुपयांनी महाग तिकीट काढतात, वर पहाटे चारची फ्लाइट पकडतात! दुसऱ्या कंपनीचं तिकीट 400 रुपयांनी स्वस्त असेल तर डोळे मिटून ते घ्या.

देशातल्या देशात वर्षाला चार-पाच फेऱ्या करणाऱ्यानं फार डोकं लावूच नये. आपल्या गावाहून ज्या कंपनीची विमानं जास्त, तिचं एक खातं पुरे. नागपूर किंवा पुण्याहून बहुतेक वेळा इंडिगोनंच जाणं होत असेल तर तिचं ब्लूचिप खातं घ्या, पण इंडिगो कुठल्याही अलायन्समध्ये, म्हणजे एकमेकांच्या प्रवासावर माइल्स देणाऱ्या कंपन्यांच्या गटात, नाही हे लक्षात ठेवून घ्या.

खरी लूट परदेश प्रवासात होते. मुलं अमेरिकेत, आईवडील वर्षा-दोन वर्षांतून एकदा जाणार. एकदा दुबईमार्गे एमिरेट्स, पुढच्या वेळी दोहामार्गे कतार, नंतर फ्रँकफर्टमार्गे लुफ्तान्सा. तीन प्रवास, तीन खाती, आणि एकाचा दुसऱ्याला उपयोग नाही. एमिरेट्स कुठल्याच अलायन्समध्ये नाही, कतार वनवर्ल्ड या गटात, लुफ्तान्सा स्टार अलायन्स या दुसऱ्या गटात. एअर इंडियाही 2014 पासून स्टारमध्ये आहे, म्हणजे तिच्या प्रवासाचे माइल्स युनायटेडच्या किंवा सिंगापूर एअरलाइन्सच्या खात्यातही टाकता येतात. हे काउंटरवर कुणी सांगतं का? कुणीही नाही. एका प्रवासाचे माइल्स एकाच खात्यात जातात, त्यामुळे हे आधी ठरवावं लागतं. आणि एअर इंडिया एक्सप्रेस स्टार अलायन्समध्ये नाही. आखातात जाणाऱ्यांनी तिकिटावर विमान कोण चालवणार आहे ती ओळ वाचावी, नुसता फ्लाइट नंबर बघू नये.

मुदतीबद्दल तर चीड येते. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर खात्यातले माइल्स तीन वर्षांत मरतात, मधल्या काळात तुम्ही कितीही उडा. ब्रिटिश एअरवेज, कतार यांचे एव्हिऑस नावाचे पॉइंट्स 36 महिने खात्यात काहीच हालचाल झाली नाही तर जातात. युनायटेडनं 2019 पासून मुदतच काढून टाकली. मग दोन वर्षांतून एकदा उडणाऱ्या सत्तरीच्या माणसाला तीन वर्षांत मरणारं खातं कशाला घ्यायला लावता?

फेअर क्लासचा, म्हणजे तिकिटाच्या भाड्याच्या प्रकाराचा, घोळ वेगळाच. ई-तिकिटावर एक इंग्रजी अक्षर असतं, ते बघा. सगळे इकॉनॉमीतच बसलेले असतात, पण अक्षरानुसार भागीदार कंपनीच्या खात्यात कुणाला अंतराच्या 100 टक्के माइल्स, कुणाला 25, कुणाला काहीच नाही. मुंबई–फ्रँकफर्ट चार हजार मैलांच्या आसपास आहे. 25 टक्क्यांवर हजारच मिळाले. कंपनीच्या प्रत्येक माइल्स कार्यक्रमाच्या साइटवर भागीदारांचा तक्ता असतो. तिकीट काढण्याआधी त्यात आपलं अक्षर शोधा. टूर कंपनीच्या ग्रुप तिकिटांवर तर बऱ्याचदा काहीच मिळत नाही, आणि लोक परत आल्यावर महिनोन्महिने वाट बघत बसतात.

"फुकट" तिकिटाचंही तसंच. काही कार्यक्रम पॉइंट्सच्या तिकिटावरही कंपनीचा अधिभार लावतात आणि युरोपमार्गे अमेरिकेच्या परतीच्या तिकिटाला ती रक्कम हजारोंच्या घरात जाते. युनायटेड तो लावत नाही. म्हणून खातं निवडताना आधी उलट्या बाजूनं सुरुवात करा: तुम्हाला मे महिन्यात किंवा दिवाळीत जायचंय ना, मग त्याच मार्गावर, त्याच आठवड्यात पॉइंट्सवर जागा दिसते का आणि वर किती रुपये मागतात, ते शोधून बघा. जागा दिसत नसेल तर तो कार्यक्रम तुमच्या कामाचा नाही. हे बघण्याआधी क्रेडिट कार्डचे पॉइंट्स तिकडे वळवू नका. एकदा वळवले की परत येत नाहीत.

जास्त उडणाऱ्यांना सिल्व्हर, गोल्ड असे दर्जे देतात. त्यातल्या सिल्व्हरच्या मागे धावणंही थांबवा. स्टार अलायन्सभर सिल्व्हरला मिळतं काय? वेटिंग लिस्टवर आणि स्टँडबायवर अग्रक्रम. लाउंज आणि जादा बॅगेज गोल्डला. तिथवर पोचायला जितकं उडावं लागतं तितकं पदरचे पैसे घालून कुणी उडू नये.

साठवून ठेवण्याचं तर नावच काढू नका. 2012 मध्ये किंगफिशर बसली, 17 एप्रिल 2019 ला जेटचं शेवटचं विमान उतरलं. पॉइंट्स साठवणाऱ्यांचे हाल सगळ्यांनी पाहिलेत. विस्ताराचं 12 नोव्हेंबर 2024 ला एअर इंडियात विलीनीकरण झालं तेव्हा निदान पॉइंट्स एअर इंडियाच्या महाराजा क्लब या खात्यात गेले. एका तिकिटापुरते झाले की वापरून मोकळे व्हा.

आणि आपल्या नावांचा छळ! पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात असतं, तिकिटावर ती दोन्ही जोडून छापतात, आणि खातं उघडताना माणूस नुसतं स्वतःचं नाव टाकतो. नावं जुळत नाहीत, माइल्स जमा होत नाहीत, आणि कुणी कळवतही नाही. खात्यात नाव पासपोर्टप्रमाणेच टाका, लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर दोन्हीकडे बदला. तिकीट एजंटकडून काढलं असेल तर सदस्य क्रमांक घातलाय का, हे एअरलाइनच्या साइटवर पीएनआर टाकून स्वतः बघा. जमा झाले नाहीत तर दावा करावा लागतो. त्याला मुदत असते, कुठे सहा महिने, कुठे वर्ष. आणि 13 आकडी ई-तिकीट क्रमांक व बोर्डिंग पास मागतात. तो पास मोबाइलवर असेल तर विमानात बसण्याआधी स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण प्रवास संपला की अ‍ॅपमधून तो बऱ्याचदा नाहीसा होतो.