‘दगडी लोकर आपल्याकडच्या छताला नको’ म्हणणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

सपाट आणि कमी ढाळाच्या छतांवर दगडी लोकर, म्हणजे दगड वितळवून केलेल्या तंतूंच्या उष्णता अडवणाऱ्या फळ्या, घालण्याबद्दल मी लिहिलं होतं, त्यावर तुम्ही परभणीहून सविस्तर कानउघाडणी केलीत. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं, की मार्चमध्ये छताला चुना मारला की भागतं, मग एवढा खर्च कशाला? लोकर ती लोकर, एका पावसात भिजून तिची गोधडी होणार. तुमच्या कापसाच्या गोदामात पत्र्याखाली लावलेलं वूल तीन वर्षांत लोंबायला लागलं आणि मग खालीच आलं. आणि लेख कंपनीच्या पत्रकातून उतरवून काढल्यासारखा वाटला.

शेवटचा आरोप आधी घेतो, कारण तो लागला. मी कुणाचा माल विकत नाही. वीस वर्षं छतांचीच कामं करतो, त्यातली निम्मी दुसऱ्यांची बिघडलेली कामं दुरुस्त करण्यात गेली. लेखात चूक असेल तर ती माझी, कुणाच्या सांगण्यावरून झालेली नाही. आणि एक चूक झाली आहे हेही खरं. राहत्या घराची गच्ची आणि गोदामाचं छत मी एकाच दमात सांगून मोकळा झालो. ती दोन वेगळी प्रकरणं आहेत.

घराच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे. ताजा पांढरा चुना उन्हाचा मोठा हिस्सा आल्या पावली परत पाठवतो आणि त्याइतकं स्वस्त काही नाही. धुळीने तो मळतो, पहिल्या दोन पावसांत धुऊन जातो, पण दरवर्षी हाताने मारणाऱ्याला ते चालतं. शिवाय आपली गच्ची म्हणजे घराचं अंगणच. एप्रिलमध्ये तिथे कुरडया-पापडाचं वाळवण, मे महिन्यात सगळ्यांची अंथरुणं, कार्य निघालं की मांडव, कोपऱ्यात पाण्याची टाकी. एकाच वाटेवर रोज पाय पडले की दगडी लोकरीच्या फळीतले तंतू धरून ठेवणारा डिंकासारखा राळेचा बंध तुटत जातो, फळी मऊ पडते आणि वरचं मेंब्रेन, म्हणजे पाणी अडवणारी चादर, ताणलं जातं. म्हणून वापरातल्या गच्चीवर मी दगडी लोकर सुचवणार नाही. तिथे चुना, किंवा पैसे असतील तर वॉटरप्रूफिंगच्या वर एक्सपीएसच्या (एक प्रकारच्या कडक फोमच्या) फळ्या आणि त्यावर फरशी. एक्सपीएस बंद पेशींचं असतं, पाणी पीत नाही, त्यामुळे ते वॉटरप्रूफिंगच्या वर बसू शकतं. दगडी लोकर तशी कधीच घालायची नाही. ती कायम वॉटरप्रूफिंगच्या खाली, कोरड्यात.

फक्त एक सांगतो. चुना दिवसा ऊन परतवतो, पण स्लॅबला अंगरखा घालत नाही. कोब्यासकट साध्या स्लॅबच्या एका चौरस मीटरमधून, आत-बाहेर एका अंशाचा फरक असला तर साधारण 2.4 वॅट उष्णता जाते. नुसत्या पत्र्यातून 5 च्या आसपास. वरून 50 मिलिमीटर दगडी लोकर घातली की स्लॅबचा आकडा 0.6 च्या खाली येतो. घरांसाठी केंद्राची जी इको निवास संहिता 2018 साली आली, तिच्यात छतासाठी कमाल मर्यादा 1.2 आहे. म्हणजे आपलं नेहमीचं कोब्याचं छत त्या मर्यादेच्या दुप्पट उष्णता आत सोडतं.

आता भिजण्याचं. हा तुमचा सगळ्यात वजनदार मुद्दा, आणि तो मी स्वतः भोगलेला आहे.

छताच्या चांगल्या फळीला कारखान्यातच पाणी झटकणारं तेल दिलेलं असतं. तिच्यावर थेंब सोडलात तर अळवाच्या पानावर राहावा तसा गोल उभा राहतो. याच भरवशावर जालन्याजवळच्या एका गोदामावर मे अखेरीस मी संध्याकाळी कडेचा पट्टा न झाकता माणसं घरी पाठवली. रात्री वळीव आला. सकाळी गेलो तर फळ्या वरून कोरड्या खडखडीत दिसत होत्या. एक कडेने उचलून उभी धरली आणि खालच्या कडेतून पाण्याची धार लागली. साचलेल्या पाण्यात रात्रभर बसल्यामुळे ते खालून शिरलं होतं. साडेचार किलोच्या आतली फळी काट्यावर चौदा किलो भरली. मालकाचा मुकादम म्हणाला, वरून मेंब्रेन मारा, उन्हात वाळेल आपोआप. तसं वाळत नाही. वर मेंब्रेन, खाली पत्रा, पाण्याला जायला वाट कुठे? पुढे वर्षानुवर्षं ते पाणी दिवसा खाली सरकतं, रात्री वर येतं, स्क्रू गंजवतं, आणि ओल्या लोकरीचा उष्णता अडवण्याचा गुण निघून जातो. तो सगळा पट्टा मी माझ्या खर्चाने काढून नवा घातला. तेव्हापासून साइटवर एकच नियम आहे: संध्याकाळपर्यंत झाकता येईल तेवढ्याच फळ्या सकाळी उलगडायच्या, आणि दिवस मावळताना शेवटच्या कडेवर मेंब्रेनची जीभ खालच्या थराला चिकटवूनच उतरायचं.

दुसरी गोष्ट ढाळाची. आपल्याकडे पाऊस कमी, ढाळ कशाला, असं गवंडीसुद्धा म्हणतात. वर्षाचा पाऊस कमी असेल, पण तो येतो तेव्हा कसा येतो ते 2025 च्या सप्टेंबरात धाराशिव-बीडने पाहिलं आहे. दर मीटरला दोन-अडीच सेंटीमीटर ढाळ धरा, म्हणजे हातकामातला फरक जाऊनही पाणी आउटलेटकडे जातं. फळ्यांच्या खाली बाष्प अडवणारा थर हवाच, नव्या स्लॅबवर तर नक्कीच, कारण काँक्रीटमधलं पाणी महिनोन्‌महिने निघत राहतं.

तुमच्या गोदामात जे पडलं ते मी डोळ्यांनी पाहिलं नाही, पण तुम्ही लिहिलंय की ते पिवळं होतं, गुंडाळीत आलं होतं आणि कोंबड्यांच्या जाळीवर टेकवलं होतं. म्हणजे बहुतेक हलकं ग्लासवूल. दुकानदार दोन्हीला वूल म्हणतो, तिथेच घोळ होतो. ग्लासवूल काचेचं, दगडी लोकर बेसाल्टसारखा खडक सुमारे 1500 अंशांवर वितळवून, चरख्यासारख्या फिरत्या चाकांवर त्याचे तंतू उडवून केलेली. वेरूळचं कैलास ज्या काळ्या दगडात कोरलं, त्याच जातकुळीचा हा दगड. पण दगडी लोकरीतही 48 घनतेची (म्हणजे घनमीटरला 48 किलो) मऊ गादी मिळते आणि 144 घनतेची कडक फळीही मिळते. छताच्या वर घालायला मऊ गादी चालत नाही. नुसत्या घनतेवरही जाऊ नका, विक्रेत्याला विचारा की फळी 10 टक्के दबायला किती किलोपास्कल दाब लागतो. 40 च्या खाली उत्तर आलं तर छतासाठी घेऊ नका. आणि माल उतरला की एक फळी काट्यावर ठेवा. एक मीटर लांब, 600 मिलिमीटर रुंद, 50 जाड फळी 144 घनतेची असेल तर 4 किलो 300 ग्रॅमच्या आसपास भरलीच पाहिजे. तीन किलो भरली तर ट्रक परत.

माणसं लोकर हाताळताना हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्या घालू देत, खाज सुटते. काहींना ॲस्बेस्टॉसची भीती असते. ते वेगळं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2002 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात दगडी लोकर कर्करोगकारकांच्या यादीत घातलेली नाही.

एवढं असूनही तुमच्या गोदामाला मी दगडी लोकरच का म्हणतोय? कारण तुम्ही तिथे कापूस ठेवता. सेलू-मानवतच्या कुठल्याही जिनिंगवाल्याला विचारा, कापसात एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा गेला आणि ठिणगी उडाली की काय होतं. मेंब्रेन चिकटवायची गॅसची बत्ती मी दगडी लोकरीच्या तुकड्यावर मालकांना दाखवायला धरतो. वरचा बंध तपकिरी होतो, जरा वास येतो, ज्योतीखालची जागा लाल होते. काही मिनिटांनी पलीकडच्या बाजूला तळहात टेकवता येतो. 1000 अंशांच्या पुढेही हे तंतू वितळत नाहीत. ग्लासवूल 600-700 ला मऊ पडतं, थर्माकोल 100 च्या आसपासच आकसतो आणि पेटून ठिबकतो. पफ, म्हणजे पॉलियुरेथेनचा फोम, उष्णता अडवण्यात दगडी लोकरीपेक्षा सरस आहे, पातळ थरात काम करतं, पण ते जळतं.

1953 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत मिशिगनमधल्या लिव्होनियाला जनरल मोटर्सचा प्रचंड कारखाना जळाला. आग लागली खाली, कटिंग टॉर्चच्या कामातून. पण छताचा पत्रा तापला, त्यावरचं डांबर वितळलं आणि सांध्यांमधून खाली आगीवर ठिबकत राहिलं. छतच इंधन झालं. पत्र्यावर काय घालायचं याचा विचार तिकडे त्यानंतर बदलला. आपण रुईच्या गाठींवर थर्माकोलचं छत घालतो तेव्हा मला हेच आठवतं.

आणि वजनाचं मला फार जिव्हाळ्याने सांगायचं आहे. माझं आजोळ औसा तालुक्यातलं. आजीच्या माळवदाखाली मे महिन्यातल्या दुपारी गार झोप लागायची. तुळयांवर फूटभर पांढरी माती, दरवर्षी पावसाळ्याआधी वर आणखी एक थर. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात त्याच मातीने आणि तिच्याखालच्या दगडी भिंतींनी किल्लारीच्या टापूत माणसं गाडली. फूटभर मातीचं वजन एका चौरस मीटरला 500 किलोच्या घरात जातं. 50 मिलिमीटर दगडी लोकर त्याच जागेत सव्वासात किलोच्या आसपास. मातीसारखी ती उष्णता पोटात साठवून ठेवत नाही, पण अडवते मातीच्या दुपटीहून जास्त. माळवदाचा गारवा डोक्यावर माती न घेता मिळवता येतो, हे मला त्या भागातल्या प्रत्येक घराला सांगावंसं वाटतं.

आता तुमच्या गोदामाचं. आहे त्या पत्र्यावर थेट फळ्या टाकता येणार नाहीत, डेक शीट (फळ्या पेलणारा नालीदार पत्रा) लागेल, किंवा दगडी लोकर भरलेली तयार पॅनेल. दोन थर घ्या, सांधे एकावर एक येऊ देऊ नका. स्क्रू कोपऱ्यांत आणि कडांना जास्त लागतात, कारण वळवाचा वारा पत्रे उचलतो तो कडेपासूनच. जुन्या पर्लिनना, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या लोखंडी पट्ट्यांना, हा वाढीव भार पेलेल का, हे मोजल्याशिवाय मी होय म्हणणार नाही. पुढच्या आठवड्यात जिंतूरला एक काम आहे, परतताना तुमच्याकडे येतो. तोवर पर्लिनमधलं अंतर आणि त्यांच्या पत्र्याची जाडी मोजून ठेवा, आणि ते पडलेलं वूल टाकून दिलं नसेल तर हातभर तुकडा राखून ठेवा, मला पाहायचा आहे.