शेवेतल्या 319 बद्दल

नमस्कार ताई. लेकीसाठी नेलेल्या शेवेच्या पाकिटावर तुम्हाला ‘आयएनएस 319’ हा खाद्यपदार्थात घातलेल्या रसायनाचा नंबर दिसला आणि ‘पेट्रोलपासून बनलेलं, जपानमध्ये चालत नाही, हे लोक विष विकतात’ असं लिहून तुम्ही एक स्टार दिला.

319 म्हणजे टीबीएचक्यू, तेल खवट होऊ नये म्हणून त्यात घालतात ते रसायन. दुकानात त्याची पुडी नाही, बरणी नाही. इतवारीच्या बाजारातून तेलाचे डबे येतात, त्यांच्यावरच हा नंबर छापलेला असतो, म्हणून आम्हीही पाकिटावर छापतो. त्याचा कच्चा माल पेट्रोलियममधून येतो हे खरं. जपानमध्ये परवानगी नाही, तेही खरं. पण युरोपात आहे, अमेरिकेत आहे आणि आपल्या एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षेचे नियम करणाऱ्या सरकारी संस्थेने, किलोभर तेलात जास्तीत जास्त 200 मिलिग्रॅम चालतं असं ठरवलंय. तेलाला हवा लागून ते खवट होण्याची जी साखळी सुरू होते, ती हे तोडतं. मे महिन्यात नागपुरात पारा 45 ला टेकतो तेव्हा गोदामातल्या तेलाचं काय होतं, ते आमच्या नाकाला विचारा!

आता हिशोब. शेवेत तिसरा हिस्सा तेल धरा. जागतिक आरोग्य संघटना आणि एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना) यांच्या तज्ज्ञ समितीची मर्यादा वजनाच्या दर किलोमागे रोज 0.7 मिलिग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 42 मिलिग्रॅम. तेलात पुरेपूर 200 असलं तरी तिथवर जायला रोज सहाशे ग्रॅमच्या वर शेव खावी लागेल. 15 किलोच्या लेकराला मात्र दीडशे ग्रॅमच पुरते. तेवढी शेव लेकराला रोज देऊच नका, आणि ते 319 पेक्षा मीठ-तेलासाठी.

फरसाणवाल्याला खरं विचारायचं ते हे, की कढईतलं तेल कधी बदलता? 2018 पासून नियम आहे, तळून तळून तेलातले पोलर घटक, म्हणजे तेल खराब होताना तयार होणारे पदार्थ, 25 टक्क्यांच्या वर गेले की ते वापरायचं नाही. काळं, फेसाळ तेल आमच्याकडे दिसलं तर फोटो काढून इथेच टाका.

स्टार एकच राहू द्या, तुमचा हक्क आहे. ‘विष’ तेवढं काढा, खाली कारागीरही वाचतात. आणि 319 नकोच असेल तर घाण्यावरच्या शेंगदाणा तेलात शेव काढून देऊ. एक दिवस आधी सांगा, भाव जास्त पडेल, आणि आठवड्यात संपवा.