नारिंगी दिवा आणि आण्णा

रिमोट प्लेला घरी एक माणूस लागतो, हे खोक्यावर कुठंही छापलेलं नाही.

माझा प्लेस्टेशन ५, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा कन्सोल, सांगलीत, विश्रामबागेतल्या घरी टीव्हीखाली. मी पुण्यात कॉट बेसिसवर. खोलीत माझ्या हक्काची एक गादी आणि अर्धं कपाट, त्यात टीव्ही कुठं मावणार? म्हणून रिमोट प्ले वापरायचं ठरवलं, म्हणजे खेळ सांगलीत चालेल, चित्र नेटवरून माझ्या मोबाईलवर येईल आणि मी कंट्रोलर ब्लूटूथनं जोडून पुण्यातून बटणं दाबीन.

गावी गेलो तेव्हा जोडणी चहा निवायच्या आत उरकली. सेटिंग्जमध्ये रिमोट प्ले सुरू करायचं, मोबाईलवर ॲप घ्यायचं, दोन्हीकडं एकच खातं. तरी जुळलं नाही तर टीव्हीवर आठ आकडी कोड येतो, तो टाकायचा. खरी मेख रेस्ट मोडमध्ये आहे. तिथं ‘इंटरनेटशी जोडलेलं राहा’ आणि ‘नेटवर्कवरून चालू होऊ दे’ ही दोन्ही बटणं चालू हवीत. मग कन्सोल झोपतो, पण पुण्यातून हाक मारली की उठतो. झोपलेला असताना त्याच्यावर एक नारिंगी दिवा जळत राहतो.

आणि आमच्या घरात विनाकारण दिवा जळत राहणं शक्य नाही.

आण्णांची उभी हयात जिल्हा परिषदेत हिशेब तपासण्यात गेली. रात्री झोपायच्या आधी ते घरभर एक फेरी मारतात. गॅसचा कॉक, मागच्या दाराची कडी, गीझर, टीव्हीचा बोर्ड. दिसेल ते बटण खाली. मी पुण्यातून हाक मारतोय आणि ॲप आपलं ‘शोधतोय, शोधतोय’ म्हणत गोल फिरतंय.

“आण्णा, त्याला करंट झिरोच्या बल्बपेक्षाही कमी लागतो.”

“झिरोच्या बल्बालाबी मीटर फिरतंय. आणि तू हितं नसताना ते कशाला जागं ठेवायचं?”

मी इथं नसतो म्हणूनच ते जागं ठेवायचं, हे त्यांना पटवायला मला आईची मदत घ्यावी लागली. तिनं बटणावर चिकटपट्टी लावली. मग उन्हाळा सरता सरता वळीव सुरू झाले. पहिला कडकडाट झाला की आण्णा चिकटपट्टीसकट बटण बंद करतात, आणि त्या बाबतीत त्यांना बोलायला मला तोंड नाही, कारण महागाचं यंत्र माझं आहे. शिवाय लाईट जाते ती वेगळीच. राऊटर देवघराशेजारी इन्व्हर्टरवर आहे, टीव्हीचा बोर्ड नाही. त्यामुळं अंधारातही घराला नेट असतं, पण कन्सोल ठार बंद. लाईट परत आल्यावर तो आपणहून उठत नाही. नेटवरची हाक फक्त झोपलेल्याला ऐकू जाते, पूर्ण बंद पडलेल्याला नाही. कुणीतरी समोर जाऊन बोटानं बटण दाबावं लागतं.

“आण्णा, पुढं खाली दोन बटणं आहेत बघा. त्यातलं लांब दाबा.”

“दाबलं.”

“पांढरा दिवा लागला?”

“दिव्याचं न्हाई सांगत, पण आतनं थाळी बाहेर आली.”

आखूड बटण डिस्क बाहेर काढायचं असतं. थाळी परत आत घालणं हा व्हिडिओ कॉलवरचा एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यात मला बराच वेळ घरचं छत आणि आण्णांचा कान दिसत होता.

एवढं करून कन्सोल जागा राहिला, तर जोडणी अर्ध्यात अडकायला लागली. वेगाचा प्रश्न नव्हता. किमान ५ एमबीपीएस लागतात, १५ असले तर बरं. फक्त इथं घराचा अपलोड बघायचा, कारण चित्र घरून निघतं. आपण आयुष्यभर डाउनलोडच मोजत आलेलो असतो. तोही ठीक होता. राऊटरच्या सेटिंगच्या पानावर मात्र घराचा नेटवरचा बाहेरचा पत्ता, म्हणजे आयपी, १०० च्या आकड्यानं सुरू होत होता. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा तो पट्टा २०१२ मध्ये खास नेट कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवलाय. जुन्या पद्धतीचे पत्ते जगभरात मिळून ४३० कोटींच्या आसपास, ते पुरेनात, म्हणून शेकडो गिऱ्हाइकं एकाच बाहेरच्या पत्त्यामागं बसवतात. गावभागातल्या मोठ्या वाड्यासारखं. आतला माणूस बाहेर सहज जातो, बाहेरून आलेल्याला मात्र नेमकी खोली सापडत नाही. कन्सोलवाल्यांचा सर्व्हर मध्ये पडून दोघांची गाठ घालून देतो आणि पुष्कळदा ते जमतंही. पण पुण्यात मीही मोबाईल डेटावर, म्हणजे दुसऱ्या वाड्यात.

आण्णांनी नेटवाल्या पोराला फोन लावून मला जोडून घेतलं. मी घराला स्वतःचा बाहेरचा पत्ता, म्हणजे पब्लिक आयपी, मागितला.

“पब्लिक आयपी? घरात ऑफिस टाकलंय काय?”

“नाही, गेम खेळायचाय.”

“मग काका, पोरगं गेम खेळायला घरी का येत न्हाई?”

आण्णा म्हणाले, “मीबी तेच म्हणतोय.”

महिन्याला थोडे जादा पैसे ठरले आणि आयपी मिळाला. त्या संध्याकाळी ॲपवर बोट ठेवलं आणि चक्क माझा होमस्क्रीन उघडला! फुटबॉल लावला. ७२० चं चित्र, खेळाडूंच्या जर्सीवरचे नंबरही वाचता येत होते. तेवढ्यात आईचा फोन.

“आरं, माझी मालिका गेली! हितं फुटबॉल लागलाय!”

एचडीएमआयच्या तारेतून कन्सोल टीव्हीला आपण उठल्याचं कळवतो आणि टीव्ही मान राखून त्याच्याकडं वळतो. ते ‘एचडीएमआय डिव्हाइस लिंक’ बंद करायचं असतं. मी पुण्यातूनच सेटिंग्जमध्ये शिरून बंद करायला लागलो, तर मागून आण्णांचा आवाज आला, “ऱ्हाऊ दे. बघूया की कसं खेळतोय.” आईनं रिमोट आपटल्याचा आवाजही आला.

आता मालिका संपल्यावर माझी वेळ. आण्णा टीव्हीपुढं बसतात, फोन स्पीकरवर. “डावीकडं मोकळा हाय की रे त्यो!” नेट बरं असेल तर मलाही तो दिसतो. परवा मात्र पेनल्टी मारायला धावलो आणि माझं चित्र तिथंच गोठलं, बॉल ठिपक्यांचा झाला. मी मोबाईल खिडकीत धरून उभा, आणि फोनवर आण्णा, “हाण तिच्या! गेला की रे आत!” मग आईचा आवाज, “कुणाचा?”