लाँग सोलो राईडसाठी कोणती गाडी? आधी ती उभी असताना बघा

पावसाळा जवळ आला की हा प्रश्न येतोच, "ताई, लाँग सोलोसाठी कोणती गाडी घेऊ?" आणि पुढच्याच वाक्यात सीसी येते. ३५० कमी पडेल का, ४०० बरी का, थेट ६५० वरच जाऊ का. दरवेळी तुकड्यातुकड्यात उत्तर देते, आज सविस्तर लिहिते, कारण तीन-चार लाख घालून घेतलेली गाडी वर्षभरात विकायला काढलेली पोरं-पोरी मी बघितल्यात आणि फार वाईट वाटतं.

माझं मत सरळ आहे. सोलोची गाडी ती पळताना कशी वाटते यावर घ्यायची नाही, थांबल्यावर कशी वाटते यावर घ्यायची. ८० च्या स्पीडला आजकालच्या सगळ्याच गाड्या चांगल्या वाटतात हो, दोनशे किलोची गाडीसुद्धा पिसासारखी वाटते, पण उतारावरच्या टपरीसमोर गाडी मागे घ्यायची असते, पंपावर तेल सांडलेलं असतं, लॉजच्या दारातली फरशी ओली असते, तिथे मागे बसलेलं कोणी उतरून ढकलायला नसतं आणि पुढे गेलेला मित्र वळून येणार नसतो. ग्रुप राईडची गाडी आणि सोलोची गाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेच बरेच जण धरत नाहीत.

आता टॉप स्पीडचंच बघा. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर टू-व्हीलरला बंदी, समृद्धीवर बंदी, अटल सेतूवरही बंदी. म्हणजे आपल्याकडे राहतो तो जुना हायवे, घाट आणि राज्यमार्ग. चौपदरी हायवेवरसुद्धा मोटरसायकलला मर्यादा ताशी ८० ची आहे. मग १४० पळणाऱ्या इंजिनाचे पैसे कुठे वसूल करणार? ८०-८५ ला दिवसभर न तापता, हाताला मुंग्या न आणता चालणारं इंजिन पाहिजे, आणि ते ३५० मध्ये अगदी आरामात मिळतं, २५० मध्येही मिळतं. ओव्हरटेकला थोडी ताकद शिल्लक असावी हे मान्य, सामान लावून घाट चढताना ट्रकच्या मागे अडकलं की ती लागते. पण त्यासाठी ६५० लागत नाही.

वजन आणि सीटची उंची या दोन आकड्यांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, आणि दोन्ही एकत्र बघायचे. हिरोची एक्सपल्स २०० साधारण १६० किलोची, हलकी, पण सीट ८२५ मिलिमीटर. सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स १६७ किलो, सीट ८३५. रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० पेट्रोल-ऑइलसकट १९६ किलो आणि सीट ८२५, वर करून ८४५. केटीएमची जुनी ३९० ॲडव्हेंचर ८५५ ची होती. आणि रॉयल एनफिल्डचीच मिटिओर ३५० बघा, १९१ किलो म्हणजे हलकी अजिबात नाही, पण सीट ७६५. माझी उंची पाच फूट दोन इंच, मी मिटिओर चालवते, दोन्ही टाचा जमिनीला पूर्ण टेकतात, त्यामुळे ते वजन मला कधी अंगावर येत नाही. हेच वजन ८४५ च्या सीटवरून चवड्यांवर तोलायचं म्हटलं तर मी नाही घेणार. उंच माणसाचं गणित उलटं होईल, सहा फुटी माणसाचे मिटिओरवर दोन तासात गुडघे धरतील. म्हणून दुसऱ्याचा रिव्ह्यू बघून गाडी घेऊ नका, त्याची उंची आणि तुमची उंची एक नसते.

आणि गाडी पडणार. किती का चांगलं चालवा, लाँग राईडला कधीतरी आडवी होणारच. माझी अणुस्कुरा घाटात झाली, पाऊस थांबल्यावर कडेला घेऊन उभी राहिले, पाय टेकला तिथली खडी सरकली आणि सॅडल बॅगांसकट गाडी हळूच उजव्या अंगावर गेली. मागेपुढे चिटपाखरू नव्हतं. अशा वेळी ताकद लावून समोरून ओढायचं नाही, कंबर जाते. आधी इंजिन बंद, बॅगा सोडून बाजूला, मग गाडी गिअरमध्ये म्हणजे घरंगळत नाही. उजव्या अंगावर पडली असेल तर साईड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवायचा, नाहीतर उभी केलेली गाडी पलीकडे जाते. हँडल पडलेल्या बाजूला पूर्ण वळवायचं, गाडीकडे पाठ करून सीटला पार्श्वभाग टेकवून खाली बसायचं, एक हात खालच्या ग्रिपवर, दुसरा कॅरिअरला, पाठ ताठ, आणि मांड्यांच्या जोरावर छोटी छोटी पावलं मागे टाकत उठायचं. दम लागतो पण येते. ज्या गाडीवर हे तुम्हाला जमतं ती तुमची सोलोची गाडी. घरी जुनी गादी टाकून, एका माणसाला शेजारी उभं करून एकदा करून बघाच, शोरूममधली दहा मिनिटांची टेस्ट राईड यातलं काहीच सांगत नाही.

हलक्या गाडीचीही एक बाजू आहे, ती लपवायची नाही. चित्रदुर्गाच्या आसपास पवनचक्क्या दिसायला लागल्या की आडवा वारा असा मारतो की हलकी गाडी लेन सोडायला बघते, शेजारून कंटेनर गेला तर अजूनच. बेंगलोरकडे, दक्षिणेत जास्त जाणार असाल तर थोडं वजन सोबतीला बरं. कोकण, घाट, कच्चे रस्ते जास्त करणार असाल तर डोळे झाकून हलकी.

दुसरी गोष्ट पंक्चर. एकट्याने ट्यूबवाल्या टायरचं पंक्चर काढायचं म्हणजे चाक काढा, टायर उचका, ट्यूब बाहेर, आणि तेही डबल स्टँड असेल तर. ट्यूबलेसला खिळा काढून भोकात रबराची चिकट स्ट्रिप घुसवली, बॅटरीवरच्या छोट्या पंपाने हवा भरली की निघालो, चाक काढायचं नाही. मी तरी सोलोसाठी ट्यूबलेसच सांगेन. ऑफरोडला स्पोक म्हणजे तारांची चाकं चांगली हे खरं आहे, ते घेतलेत तर स्पोकमध्येही ट्यूबलेस मिळतंय का विचारा, आणि ट्यूबवालीच आवडली असेल तर निघायच्या आधी फिटरकडे अर्धा दिवस बसून स्वतःच्या हाताने चाक काढून घालून या.

फिटरवरून आठवलं, तुमच्या रूटवरच्या तालुक्याच्या गावात तुमच्या गाडीला हात लावणारा कोणी आहे का? हा प्रश्न ब्रोशरमध्ये नसतो. गाडीत जितके सेन्सर आणि मोड जास्त तितका लॅपटॉप असलेल्या सर्व्हिस सेंटरवर तुम्ही अवलंबून, आणि ते बहुतेक जिल्ह्याच्या ठिकाणी, बऱ्याचदा रविवारी बंद. साधी गाडी असेल तर कुठलाही अनुभवी फिटर ब्रेक पॅड, क्लच वायर बदलून देतो. जास्तीची क्लच वायर बॅगेत गुंडाळून ठेवू नका, चालू वायरीच्या शेजारूनच ओवून झिप टायने बांधून ठेवा. तुटली तर फक्त दोन्ही टोकं जोडायची, अंधार पडायच्या आत तुम्ही परत रस्त्यावर.

टाकीबद्दल लोक उगाच घाबरतात. महाराष्ट्रात, दक्षिणेत पंपांची कमी नाही, १२-१३ लिटर पुष्कळ झालं. मनाली-लेह करायचं असेल तर मात्र वाटेतल्या टांडी गावच्या पंपावरची ती पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी लक्षात ठेवून हिशोब करा. १५ लिटरची टाकी आणि तिशीचं ॲव्हरेज असेल तर भागतं, पण उंचीवर ॲव्हरेज पडतं म्हणून कॅन लागतोच.

पैशाचं एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी १८ टक्के आणि त्याच्या वर ४० टक्के झालाय. हा फरक एवढा मोठा आहे की त्यात चांगलं हेल्मेट, पाठीला आणि गुडघ्याला संरक्षण देणारं जॅकेट-पँट, रेन गिअर आणि वॉटरप्रूफ सॅडल बॅगा येतात आणि वर पेट्रोलला उरतात. मोठ्या गाडीवर साधं हेल्मेट घालून फिरणारे बघितले की माझा जीव खालीवर होतो. एकट्याने पडल्यावर अँब्युलन्सला फोन करण्याइतपत शुद्धीत राहायचं असतं, ते काम इंजिन करत नाही.

बजेट कमी असेल तर सेकंड हँड ४११ हिमालयन बिनधास्त बघा, बऱ्याच मिळतात. फक्त विकणाऱ्याला आधी सांगून ठेवा की मी यायच्या आधी गाडी सुरू करू नका. इंजिनला हात लावून थंड आहे का बघा आणि मगच स्टार्टर मारा, थंड असताना सुरू व्हायला त्रास देते का ते तेव्हाच कळतं. डबल स्टँडवर लावून कोणाला तरी मागून दाबायला सांगा, पुढचं चाक अधांतरी झालं की हँडल सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, मधे खटकन अडकलं तर कोनसेट म्हणजे हँडलच्या दांड्याचं बेअरिंग गेलंय. चेन स्प्रॉकेटचे दात वाकलेत का बघा आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करून मागा.